वाकलेल्या तलवारीची राणी

कपडे लांब-आखूड करून देणाऱ्या त्या बाईला अख्खी गल्ली पाठीमागे 'कात्री' म्हणायची, आणि हे तिला ठाऊक होतं. तिच्या समजुतीप्रमाणे हे नाव तिच्या हत्यारावरून पडलं होतं. जिभेवरून पडलंय, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सगळ्यांच्या पँटी तिच्याकडे अडकलेल्या.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. दोन शिलाई मशिनं, एक उभा आरसा, भिंतीवर खुंट्या. शेवटच्या खुंटीवर एक राखाडी कोट. कुणीतरी बाह्या आखूड करायला टाकला आणि न्यायला आलंच नाही. त्याच्या आतल्या खिशात भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते निघाले, सोबत अर्थ सांगणारी एक चोपडी. कात्रीनं मालकाची पुष्कळ वाट पाहिली आणि मग पत्ते वापरायला काढले. कोटाला मात्र बाह्या आखूड केल्यावर पुन्हा हात लावला नाही. "परक्याची वस्तू आहे," ती म्हणायची. पत्ते काय माहेरचे आहेत का, असं नवऱ्यानं एकदा विचारून पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मधेच अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलण्यात त्याचा हातखंडा. त्या दिवशी तो हातखंडा कामी आला नाही.

माप घेऊन झालं की ती गिऱ्हाइकाला एक पत्ता ओढायला लावायची. अर्थ चोपडीतला थोडा आणि शिवणकामातला फार. गठ्ठ्यातल्या चार राण्या तर ती कपड्यांवरूनच लावायची. काठीची राणी पिवळ्याधमक झग्यातली, हातात सूर्यफूल, पायाशी काळं मांजर. 'ही जिथं जाईल तिथं दिवा लावावा लागत नाही.' नाण्याची राणी मांडीवर नाणं घेऊन बसलेली, कोपऱ्यात ससा. 'घर हिच्यावर चालतं, हिच्या झग्याला खिसे असणारच.' पेल्याची राणी पाण्याकाठी. पेला सुंदर, पण त्याला झाकण. मनातलं मनात ठेवणारी, मायाळू. आणि तलवारीची राणी एका बाजूला तोंड करून बसलेली, अंगावर ढगांचा झगा, वर आभाळात एकटा पक्षी. दुःख पचवून सरळ, खरं बोलणारी झालेली. उजव्या हातात उभी तलवार, डावा हात मात्र पुढे केलेला.

"मी पेल्याची," कात्री सगळ्यांना सांगायची.

"तुझ्या पेल्याचं झाकण कुठं ठेवलंयस, आई?" पलीकडच्या मशिनवरून लेक विचारायची.

"काजं बघ आपली. तिरकी चाललीत."

तलवारीच्या राणीचं मात्र कात्रीच्या हातून एकदा भलतंच झालं होतं. पत्त्यावर चहा सांडला, पत्ता वाकडा झाला, आणि चुरगळलेल्या कुठल्याही गोष्टीवर तिला एकच उपाय माहीत. वर ओलं फडकं टाकलं आणि फिरवली इस्त्री. पत्त्यावरचा मुलामा वितळून गोळा झाला. राणी वाचली, पण तलवार मधेच वाकली.

"ही काय घेऊन बसलीय, उलथनं?" नवऱ्यानं विचारलं होतं. "आणि दुसरा हात कशाला पुढे?"

"चोपडीत लिहिलंय, जवळ ये म्हणतेय."

"उलथनं घेऊन?"

तेव्हापासून तो पत्ता पाठीकडूनही खडबडीत लागायचा. गिऱ्हाईक रडवेलं असलं की कात्री तो हळूच गठ्ठ्याच्या तळाशी सारायची. खरं ऐकायची ताकद नसलेल्यांना ती पेल्याची राणी द्यायची. खरं ती मग पैसे घेताना तोंडानं सांगायचीच.

अशी ही कात्री आठवडाभर गप्प होती.

लेकीला लांबच्या शहरातल्या एका नाटक कंपनीत कपडेपटाचं काम मिळत होतं. होय की नाही ते आठवड्याच्या आत फोनवर कळवायचं होतं. बातमी कळल्यापासून कात्रीनं ना हूं केलं, ना चूं. कढईचं झाकण वाजवलं नाही, शेजारणीच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली नाहीत. गिऱ्हाइकं घाबरून लवकर पैसे देऊन जाऊ लागली. नवऱ्यानं लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन मजल्यांच्या मधे अडकलीय. आतून बटण दाबायला हवं, बाहेरून काही होत नाही."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी लेकीनं मशिन थांबवलं आणि स्टूल ओढून समोर बसली.

"माझा पत्ता काढ."

"घरच्यांचे काढत नाही मी."

"मग मी गिऱ्हाईक. तुझ्यासमोर बसलेय, रडवेली आहे, काढ."

कात्रीनं पत्ते पिसले. इतक्या वर्षांत तिच्या बोटांना जे येत होतं ते त्यांनी न विचारता केलं: खडबडीत पत्ता तळाशी, पेल्याची राणी सगळ्यात वर. माया, ओलावा, पाण्याकाठचं घर. पोरगी हा पत्ता ओढेल, आपण फक्त अर्थ सांगायचा. खोटं असं त्यात एक अक्षर नसेल. तिनं गठ्ठा पुढे धरला.

लेकीनं वरच्या पत्त्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. गठ्ठ्याखाली हात घातला आणि सगळ्यात तळचा पत्ता ओढला.

"असं नाही ओढायचं!"

"का? खडबडीत माझ्याही हाताला लागतं. लहानपणापासून बघतेय, कुणापासून काय लपवतेस ते." तिनं पत्ता मशिनच्या पाटीवर उताणा ठेवला. वाकलेली तलवार, पुढे केलेला हात. "आता सांग. राणी काय म्हणते?"

"काय म्हणणार? तिची तलवार वाकलीय."

"तोंड आहे ना धड?"

कात्रीनं पत्ता उचलून जवळ धरला. कामाच्या वेळी लावायचा चष्मा कपाळावरच राहिला होता. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. पावलं डोक्यावरून गेली आणि वर विरून गेली.

"म्हणते, तुझी काजं तिरकी येतात," कात्री म्हणाली. "लक्ष नसतं म्हणून. लग्नातल्या साड्यांच्या फॉलला तुझा जीव कंटाळतो. पण गल्लीतल्या पोरांच्या नाटकातला राजाचा झगा शिवलास, त्यातला एक टाका मला उसवावासा वाटला नाही. मी उसवायला बसले होते. तू झोपल्यावर."

"आणि?"

"आणि तू गेलीस तर मला त्रास होईल. राहिलीस तर तो तुला होईल, आणि मग तुझा मला. एवढा त्रास या खोलीत मावायचा नाही." तिनं पत्ता खाली ठेवला. "जा. फोन कर. आणि रडायचं असेल तर कापडापासून लांब."

लेक बाहेर फोन करायला गेली ती लांब गल्लीच्या टोकापर्यंत. परत आली तेव्हा बाप दारात उभा होता आणि शेवटची खुंटी रिकामी होती.

"परक्याची वस्तू ना ती?" बाप म्हणाला.

"तिकडे थंडी असते," कात्री म्हणाली. "ये इकडे. हात आत घाल."

कोट खांद्यांत सैल होता, बाह्या मात्र बरोबर बसल्या. त्या तर कधीच्या आखूड करून ठेवलेल्या. कात्रीनं लेकीला आरशासमोर उभं केलं आणि टाचण्या ओठांत धरल्या, एकामागून एक, नेहमीपेक्षा जास्तच. मग तिला काही बोलता येईना.

"इतकं आत नको ना घेऊस, आई. आत स्वेटर घालायचाय."

कात्रीनं मान हलवली. उजव्या हातानं पाठीवरची शिवण चिमटीत धरून ठेवली, आणि आरशात न पाहता डावा हात पुढे केला, तळवा वर.

लेकीनं आधी कापडावर खुणा करायचा खडू शोधला. मग त्या हाताकडे नीट पाहिलं, आणि खडू बाजूला ठेवून त्यात आपला हात दिला.

"खडू," कात्री टाचण्यांमधून म्हणाली. पण हात सोडला नाही.