आप्पांची कच्ची वही

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे.

माहेर निमोण्याचं, शिरूर तालुक्यातलं. लग्न होऊन दौंडला आले. तिथं एका आप्पांच्या घरी धुणंभांडी करायचे. आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. सरकारी परवाना घेऊन घरातल्या रेडिओवरून देशोदेशीच्या माणसांशी बोलायचा त्यांना नाद होता. त्या खोलीतून शिट्ट्या आणि परकी बोलणी यायची. मी तिथला केर जीव मुठीत धरून काढायचे.

एके दिवशी आप्पा म्हणाले, "जुन्या वह्या कॉम्प्युटरात भरशील का?"

"मला इंग्रजी येत न्हाई, आप्पा."

"वाचायचं कुठं आहे? वहीत दिसेल तसलं बटण दाबायचं."

एक ओळ म्हणजे एक बोलणं. ज्याच्याशी बोलले त्याच्या स्टेशनची खूण, तारीख, वेळ, आवाज किती स्पष्ट आला ते. एंटर दाबलं की खालचा आकडा एकानं वाढायचा. एका ओळीला पन्नास पैसे, आणि पैसे त्या आकड्यावरून. पेटीतल्या सगळ्या वह्या मी भरल्या. त्या पैशांत न्हाणीवर पत्रे टाकले.

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले. आप्पा रेडिओवर कुणाशी बोलत होते. त्याची खूण टाइप केली की त्याच्याशी पूर्वी झालेली बोलणी पडद्यावर येत.

"एकाच दिवशी याच्याशी दोनदा बोललो?" आप्पा पुटपुटले. "मध्ये साडेपाच तास. आठवत नाही बुवा."

मी पाहिलं. खुणेच्या शेवटी तीन सारखी अक्षरं, म्हणून ती ध्यानात राहिलेली. ती खूण मी दोन वेगळ्या वह्यांतून भरली होती. एक वही नीट अक्षरातली, एक गिचमिड, कच्ची. कच्चीवरूनच पक्की उतरवलेली, बोलणं एकच; कच्चीत आपल्या घड्याळाची वेळ, पक्कीत जगाची, साडेपाच तास मागची. वेळ वेगळी, म्हणून मशीननं दोन्ही मोजली आणि मी दोन्हीचे पैसे घेतले.

चहा टेबलावर ठेवला. मी तशीच घरी आले. दोन दिवस ताप आला म्हणून सांगितलं. आप्पा चोर म्हणतील, सगळ्या आळीला कळेल, परत कुणी दारात उभं करणार नाही. पत्र्यावर कावळा बसला तरी मी दाराकडे बघायचे.

सासूबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत मिरवत व्हतीस, आता इंजिन का बंद पडलं?"

तिसऱ्या दिवशी गेले. उंबऱ्यातूनच सांगितलं, "आप्पा, कच्ची वही बी मीच भरली. पैसं दोन्हीचं घेतलं."

आप्पांनी कच्ची वही उघडली, चष्मा लावला. मला वाटलं, आता हाकलतील. ते पडद्यावरच्या ओळी एकेक पुसू लागले. आकडा खाली येत गेला. मी भिंतीला टेकून उभी.

"सहाशे बारा ओळी दोनदा आल्या होत्या," ते म्हणाले. "इतक्या जणांशी बोललो म्हणून सर्टिफिकेट मिळतं, त्यासाठी तो फुगलेला आकडा माझ्या सहीनं जाणार होता. गेला असता तर खोटा मी ठरलो असतो."

आतून आप्पांच्या मंडळी, काकू, आल्या. "अहो, पोरीला कशाला घाबरवताय! कच्ची वही पेटीत कुणी ठेवली?"

"मीच," आप्पा म्हणाले. "पैसे राहू दे गं."

पण मला राहवेना. ते पैसे घरात असेपर्यंत कुणी हाक मारली तरी दचकायचे. गोधड्या शिवून दर बाजाराला थोडे थोडे दिले. आप्पा घेताना तोंड फिरवायचे. शेवटचे सहा रुपये काकूंच्या हातावर ठेवले, तेव्हा तीनशे सहा पुरे फिटले.