खालच्या गावच्या काकी

लग्नाच्या मांडवात शिरलं की बायका आधी नवरीकडे बघतात. काकी दिव्याकडे बघायच्या. दिवा जरा मिचमिचला, की जेवणाचं ताट तसंच ठेवून उठायच्या. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर आम्ही एकाच पाळीला होतो. त्या पंप चालवायच्या, मी वायरमन. वीज गेली की गावाचं मैलापाणी आमच्या टाकीत चढत जातं, ही धास्ती त्यांच्या अंगात भिनली होती.

केंद्र जुन्नर तालुक्यातल्या आमच्या बाजारगावाच्या कडेला, आणि नदीच्या पुढच्या वळणावर काकींचं सासर. उन्हाळ्यात नदी आटून एका डोहापुरती उरायची. त्या डोहाकाठच्या विहिरीचं पाणी सासरचं सगळं गाव प्यायचं. "हितं सोडलेलं पाणी माज्याच घरच्या हंड्यात येतं," काकी म्हणायच्या. "कामचुकारपणा करू कसा, राव?"

वैशाखातल्या एका दुपारी वीज गेली. जनरेटरही दोनदा गुरगुरून गप्प झाला. मी त्याच्याशी झटत होतो आणि काकी कठड्यावरून वाकून टाकी भरताना बघत होत्या. नदीकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, तर मैला उलटा चढून बाजारगावातल्या सखल आळीतल्या घरांत, मोऱ्यांतून वर येणार. उघडला, तर तसाच्या तसा डोहात.

काकींनी धाकट्या दिराला फोन लावला. गावच्या विहिरीची मोटर तेच चालवायचे.

"भावजी, हिरीची मोटर बंद करा. मी घाण सोडतेय नदीला."

पलीकडून आवाज आला, "वैनी, तुमी सोडताय? आपल्याच गावाच्या तोंडात?"

"आदी मोटर बंद करा. मंग काय बोलायचं ते बोला."

मोटर बंद झाल्याचं कळल्यावरच त्यांनी चाक फिरवलं. आळी वाचली. खालच्या गावात कुणी आजारी पडलं नाही. पण डोहातले मासे उलटे तरंगले आणि ऐन उन्हात लोक टँकरमागे धावले. काकींच्या अंगणात मग कुणी पाऊल टाकलं नाही. दिरांनी बोलणं सोडलं.

"आपोआप सुटलं म्हणायचं," मी एकदा म्हणालो. "स्वतःचं नाव कशाला घेतलंत?"

"आपोआप सुटलं असतं, तर फोन कुनी केला असता?"

एकदा नोकरी सोडायचं ठरवूनच त्या आल्या. टाकीपाशी उभ्या राहिल्या आणि मग पंपाच्या खोलीत शिरल्या. "मी गेले आन् परत तशी येळ आली, तर खाली कळवंल कोन?" ज्या गावानं टाकलं, त्याच गावानं त्यांना बांधून ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या सखल आळीतच भाड्यानं खोली घेतली. आळीत त्या दुपारची गोष्ट कुणाला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो, तेव्हा शेजारीण सहज विचारत होती, "काकी, तुमचं गाव कोन्तं?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं.

"घाटघर," त्या म्हणाल्या.

घाटघर त्यांचं माहेर. लग्नानंतर तिथं त्या पाहुणी म्हणूनच जात आल्या होत्या.