मी भरवत होते

धाकट्या भावाला अमेरिकेतल्या फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला प्रवेश मिळाला, त्या शनिवारी तो पेढ्यांचा खोका घेऊन माझ्या तोआ पायोहच्या फ्लॅटवर आला. आई जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. बाबा निवृत्तीनंतर माझ्याकडे राहायला आलेले. हा कोर्स म्हणजे नेमकं काय, हे भावाने त्यांना पुन्हा समजावलं.

"डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं, बाबा. पेशंट तपासायचे, औषध लिहून द्यायचं."

"म्हणजे कंपाउंडर."

"बाबा, प्लीज."

बाबा हसले. मुलाखतीत सगळे आपल्या निबंधाबद्दलच विचारत होते, असं भाऊ सांगून बसला. हे शिक्षण का घ्यायचं आहे, ते अर्जासोबत दोन पानांत लिहून द्यावं लागतं. बाबा जन्मभर शाळेत मराठी शिकवत आलेले. निबंध म्हटल्यावर त्यांनी टेबलावरच्या त्याच्या फाइलमधून ती पानं काढली आणि माझ्या हातात दिली.

"मराठीत सांग मला."

"राहू द्या ना बाबा," भाऊ म्हणाला. "ते इंग्रजीतच बरं वाटतं."

मी पहिलं वाक्य मनात वाचलं आणि मोठ्याने सुरुवात केली. "आईला मी चमच्याने पेज भरवत..."

पुढे जाता येईना. इंग्रजीतला 'मी' बाई नसतो, पुरुष नसतो. मराठीत 'मी पेज भरवली' हे वाक्य कुणाचंही असू शकतं. 'भरवत होते' हे फक्त माझं होतं.

आई गावाहून महिनाभरासाठी म्हणून माझ्याकडे परदेशात आली आणि इथेच तिचा आजार निघाला. बाबांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. ते अगदी शेवटच्या आठवड्यात पोचले. त्याआधीचे चार महिने ग्रंथालयातल्या कामावरून रजा घेऊन मी घरी होते. भाऊ याच शहरात, बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत कामाला होता. रविवारी दुपारी यायचा आणि खोलीच्या दाराशी उभा राहायचा. आजारपणाच्या वासाने त्याला मळमळायचं. मी ते कधी मनावर घेतलं नाही. एखाद्याला नाही सोसत. फोनवर बाबांनी विचारलं की आई सांगायची, "दोघंही बघतात हो."

ती गेल्यावर मात्र तो मला रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करू लागला. तिचे ओठ कसे ओले करायचीस? कुशीवर वळवताना हात कुठे धरायचीस? ती काय म्हणायची? मला वाटलं, आत्ता त्याला आई आठवतेय. दुसऱ्या कुणाशी मी त्या दिवसांबद्दल बोलले नव्हते. त्याच्याशी बोलताना हलकं वाटायचं. तो विचारायचा, "मग?" आणि मी सांगत जायची.

ते सगळं त्या दोन पानांत होतं. गॉझचा बोळा होता, उशीखालचा टॉवेल होता. "चिमणीला भरवतेस का गं?" असं चमच्याकडे बघून आई मला म्हणाली होती, तेही होतं. इंग्रजीत त्यातला 'गं' गेला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सावकाश लिहून देते," मी म्हणाले.

भावाला सोडायला लिफ्टपर्यंत गेले. तोच बोलला.

"ताई, तू कुठे त्याचं काही करणार होतीस?"

"तू फोन त्यासाठी करायचास?"

"फक्त त्यासाठी नाही."

लिफ्ट आली. दार धरून तो म्हणाला, "माझीही आई होती ना ती." मग दार बंद झालं.

रविवारी सकाळी मी लिहायला बसले. एकही ओळ बदलली नाही. जिथे क्रियापद आलं तिथे ते जसं घडलं तसं लिहिलं. भरवत होते. बसले. घाबरले. दुपारी पानं बाबांना दिली.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. परत पहिल्या पानावर आले.

"तू सगळीकडे 'होते' लिहिलंयस."

"हो."

"चुकून?"

"नाही, बाबा."

त्यांनी पानं टेबलावर सरळ करून ठेवली. खालच्या मैदानातून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ते विचारतील. चार महिने कसे काढलेस, एवढं जरी विचारलं असतं तरी पुरे होतं.

"बाहेर कळलं तर त्याची सीट जाईल," बाबा म्हणाले. "तू केलंसच गं. नाही कोण म्हणतंय? पण तुला त्याचा काय उपयोग? आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला गावी मी हे वाचणार आहे. चार माणसांत पोराची शोभा नको."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. 'होते'चं 'होतो' करायला फारसं काही लागत नाही. मात्रा असतेच, फक्त एक काना द्यायचा. ते एकेक काना देत गेले, वह्या तपासायचे तसे, ओळीखाली बोट धरून. आईच्या वाक्याशी थोडे थांबले. मग 'भरवतेस का गं' खोडून वर बारीक अक्षरात 'भरवतोस का रे' लिहिलं.

"गिचमीड झालंय," ते म्हणाले. "एकदा स्वच्छ लिहून देशील?"

मी पानं घेतली नाहीत. ती त्यांनी स्वतःच उतरवून काढली, आणि गावी वाचली.