वाटी आणि पाट

वडखळ नाक्यावरच्या त्या पंक्चरवाल्याचा मला आजही राग येतो. त्याचं नाव मी विचारलं नाही, विचारायची इच्छाही नव्हती.

मी आणि बायको पेणहून रोह्याला निघालो होतो, माझ्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवरून. मागच्या चाकाला मी मुद्दाम कारचा टायर बसवला होता, जास्त टिकतो म्हणून. नाक्याजवळ त्यात खिळा घुसला.

पंक्चरवाला उकिडवा बसला, टायरवरून तळहात फिरवला आणि हात चिंधीला पुसत म्हणाला, "हा कारचा हाय. मी नाय हात लावणार."

"पंक्चर काढा. सल्ला नकोय."

त्याने मोटरसायकलच्या गोल टायरसारखी एका हाताची वाटी केली आणि दुसरा कारच्या टायरसारखा सपाट धरला. "मोटरसायकल वळताना कलते. वाटी कलते. पाट कलतो काय? तो कडेवर उभा रव्हतो."

या हायवेचे खड्डे वर्षानुवर्षं तसेच, त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही, आणि हा मला वळणं शिकवत होता. माझी गाडी, माझे पैसे, तुम्हाला काय करायचंय, असं मी बरंच बोललो.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. बायकोला म्हणाला, "ताई, या चाकावर तुम्ही बसता. टायर लावताना तुम्हाला विचारलेलं काय?"

बायकोने टायरकडे पाहिलं. मग त्याने पंक्चर काढलं, ताईंना घरी पोचायचंय म्हणून.

रोह्यापर्यंत मी प्रत्येक वळण हळू घेतलं. नेहमी माझ्या खांद्यावर असणारा तिचा हात त्या दिवशी मागच्या दांडीवर होता.