सीतेची वेणी आणि वाटणीच्या कैऱ्या

"वसंता गेला. निघ." सांगलीहून नानामामांचा फोन आला. ओरडल्याशिवाय आवाज साताऱ्यापर्यंत पोचत नाही अशी त्यांची पक्की समजूत. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले...

वसंतमामा त्यांचा धाकटा भाऊ, कापडाचा दुकानदार. शोकसभेत त्याला 'निसर्गप्रेमी', 'वृक्षमित्र' अशा पदव्या बहाल झाल्या. खरं तर मामाच्या हातून तुळससुद्धा जगत नसे. त्याचा जीव एकाच कुळावर होता, ऑर्किडवर. त्यातही डोंगरात जिला सीतेची वेणी म्हणतात, त्या गुलाबी-पांढऱ्या लोंबत्या तुऱ्यांवर. नव्वद सालाच्या आसपास महाबळेश्वरच्या घाटात पावसानं मोडून पडलेली एक फांदी त्यानं वेण्यांसकट एस.टी.तून आणली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं, अशी थाप तो मारायचा. रोपं त्यानं परसातल्या आंब्याला साड्यांच्या काठांच्या चिंध्यांनी बांधली. घरं शेजारी-शेजारी, आंबा दोघा भावांचा.

नानांनी वर पाहिलं. "बांडगूळ हाय ते. आंबा खाईल."

"आवं नाना, ते खात न्हाई. नुसतं बसतंय."

"बसून खाणारे कमी हायत व्हय ह्या घरात?"

महाबळेश्वरचा पाऊस आपण झारीनं पाडू, असं मामाला वाटत होतं. ऐन थंडीतही तो पाणी घालत राहिला आणि निम्मी रोपं कुजली. पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर दुकानात लग्नसराईची अशी झुंबड उडाली, की त्याला परसात डोकवायला फुरसत मिळेना. कोरडी राहिलेली रोपं टुणटुणीत झाली आणि मे महिन्यात एकाला तुरा निघाला, अजून मिटलेला. दुर्लक्ष हेही एक खत आहे, असं मामा नंतर गंभीरपणे सांगायचा.

नेमका तेव्हाच नानांनी कैऱ्या उतरवायला माणूस बोलावला. लोणच्याच्या कैऱ्या पावसाआधी काढायच्या आणि निम्म्या-निम्म्या वाटून घ्यायच्या, ही घरची रीत. वेणीची फांदी कैऱ्यांनी सर्वांत जास्त लगडलेली. कैऱ्या काढून झाल्या की ती बांडगुळासकट तोडायची, असं नानांनी ठरवलेलं. मामा दुकान उघडं टाकून धावत आला आणि झाडाखाली उभा राहिला.

"आठ दिवस थांबा, नाना. फुलू द्या."

"कैऱ्या थांबत्यात व्हय? पाड लागल्यावर लोणचं कशाचं घालू? तुझ्या वेणीचं?"

"माझी वाटणी तुमी घ्या. दरसाल घ्या. ती फांदी तेवढी मला सोडा."

नाना व्यवहारी माणूस. त्यांनी सौदा मान्य केला आणि भावाच्या खुळेपणाची गोष्ट गल्लीभर सांगितली.

तुरा फुलला. नाना तीन दिवस फिरकले नाहीत. मग आले, खुर्ची मागवली, बराच वेळ वर बघत बसले आणि म्हणाले, "लय न्हाई, पण बरं हाय." मामाच्या मते हा त्याचा सर्वांत मोठा पुरस्कार. दुसरा त्यानं घेतलाही नाही. एका पुष्पप्रदर्शनाचे संयोजक एकदा आले. मुख्य पाहुण्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ द्यायचं होतं, फक्त वेणी मांडवात आणायची होती. "म्हंजे फांदी तोडायची?" मामा म्हणाला. "मग नाना दुसरं काय म्हणत हुते?"

सौदा मात्र त्यानं शेवटपर्यंत पाळला. लोणच्याच्या कैऱ्या तो बाजारातून आणायचा आणि त्या पुरेशा आंबट नाहीत म्हणून मामी वर्षभर कुरकुरायची.

मामाला जाऊन महिना उलटल्यावर परवा सांगलीला गेलो, तर काठीला जाळी बांधलेल्या झेल्यानं कैऱ्या उतरवणं चालू होतं. नाना झाडाखाली उभे राहून वरच्या माणसाला दटावत होते, "झेला लांब धर! त्या फांदीला हात लावू नगंस!" फांदीवर कैऱ्या तशाच होत्या आणि त्यांच्यामधून तुरे लोंबत होते. काम संपल्यावर नानांनी कैऱ्यांचे दोन सारखे ढीग केले. एक पाटीत भरून मामीच्या ओट्यावर आणून ओतला.

मामी दारात आली. "आवं नाना, आमची वाटणी तर ह्यांनी तुमाला दिलीया."

"फांदीपायी दिली हुती," नाना म्हणाले. "फांदी आता मी संभाळतो. तुमची वाटणी तुमाला."

मामीनं एक कैरी उचलली, देठाशी हुंगली आणि अडकित्ता शोधायला आत गेली.