मन कशानं उगवतं

सारी नोकरी मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, तेही हिंदीतून. माणसाला कळायला लागतं ते कशामुळे, हा माझा आवडता धडा. कोणी म्हणतं, मन कोरी पाटी असते, अनुभव तीवर लिहीत जातो. कोणी म्हणतं, पाटीवर रेघा आधीच आखलेल्या असतात. तिसरा पक्ष म्हणतो, लेकरू वस्तू पाडतं, फोडतं, तोंडात घालतं आणि आपली समज आपणच घडवतं. चौथा म्हणतो, बोलणं आधी माणसांमाणसांत होतं, मग ते आत उतरून त्याचा विचार होतो. मला चौथा पटायचा. परीक्षेत काय, कोणताही लिहिला तरी मार्क मिळायचे.

नात तीन वर्षांची झाली तरी बोलेना. मुलगा आणि सून तिला आमच्या पांढुर्ण्याहून नागपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टर म्हणते, घरात एकच भाषा ठेवा. पोरगी कन्फ्यूज होऊन राहिली. शाळा तं हिंदीच हाये. तुमी तिच्यासमोर मराठी नोका बोलू."

"अन् हिंदी बोललो तं?"

"तुमची हिंदी वर्गातली, बाबा. घरात अर्धी मराठीच येते."

खोटं नव्हतं. हिंदीत मी तासभर ज्ञानमीमांसा सोलू शकतो, पण लेकराला जवळ घेतलं की तोंडातून 'ये वं माय' हेच निघतं. तरी मी भांडलो. या मुलखात सगळेच दोन्ही भाषा बोलत मोठे झाले, तूही झालास, कोण मुकं राहिलं?

"अन् हे राहिली तं?" मुलगा म्हणाला. "जबाबदारी घेता तुमी?"

चारांपैकी एकही पक्ष माझ्या मदतीला धावला नाही. तिच्यासमोर बोलणंच मी सोडून दिलं. रागानं म्हणा, भीतीनं म्हणा.

ती जवळ असली की मी तोंडच उघडत नसे. बोरगावच्या शेतातून घरापुरती संत्री आली की आम्ही दोघं बसून लहान-मोठी वेगळी करायचो. माझं चुकलेलं ती उचलून बरोबर ढिगात ठेवायची. एकदा संत्रं हातात धरून ती कितीतरी वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी ओठ आवळून धरले.

यंदा, पाचव्या वर्षी, ती बोलायला लागली, हिंदीत, घडाघडा. जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडला, पेढे वाटले. डॉक्टरचं बरोबर होतं की तिची वेळच आली होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. बंदी उठली असं मला कोणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. आता तिच्याशी काय बोलावं, हेच सुचत नाही.

परवा शेजारीण आली आणि लाडानं तिला म्हणाली, "दादाजी कहानी सुनाते हैं क्या?"

"दादाजी को बोलना नहीं आता," नातीनं समजुतीनं सांगितलं.

सगळे हसले. मीही हसलो. माझा आवाज तिला आठवतच नव्हता.

शेजारीण गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. एक संत्रं माझ्या तोंडासमोर धरलं आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "डरो मत. बोलो, सं-त-रा."

मी म्हटलं, "संतरा."

"शाबास," ती म्हणाली. "एक बार और."