पाळ्या लावणारे कांतिलालशेठ

कांतिलालशेठची माझी पहिली भेट मंचरला त्यांच्या कापडाच्या दुकानात झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे ते चिटणीस होते आणि मी लायटीचं काम मागायला गेलो होतो. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. गाव कुठलं, शेवटची एसटी किती वाजता आणि गावची जत्रा कधी, एवढंच विचारून वहीत लिहिलं. माणूस जरा विक्षिप्तच आहे, असं वाटलं.

पुढे कळलं की संस्थेचं निम्मं दुखणं त्या वहीत होतं. लाइट, आवाज, पडदा, गेट अशी वीसेक माणसं, सगळी शेती नाहीतर नोकरी सांभाळून येणारी. आज पेठला प्रयोग, परवा ओतूरला. कोणाची पाळी कुठे, यावरून दर महिन्याला भांडण ठरलेलं. "सतरंज्या कायम आमीच उचलायच्या का?" हा प्रश्न मीही चार वेळा विचारला असेल.

शेठ तेव्हा पन्नाशीला आले होते. कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून ते कॉम्प्युटर शिकले आणि पाळ्या लावणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. दोन वर्षं खपले. पण नंतर छापलेला कागद भिंतीवर लागायचा आणि भांडायला कारण उरायचं नाही. जत्रेच्या दिवशी ज्याला त्याला सुट्टी, हा नियम त्यांनी पहिल्यांदा घातला.

तो नियम एकदा माझ्यावरच उलटला. माझे वडील वारले, त्यानंतरची पहिली जत्रा. देवाची काठी उचलण्याचा मान आमच्या घराचा. घरचा माणूस हजर नसला की मान भावकीत दुसरीकडे जातो आणि एकदा गेला की परत मागायला तोंड राहत नाही. जत्रा तीन दिवसांवर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कागदावर त्याच दिवशी मला ओतूरचा प्रयोग लावलाय आणि सुट्टी अकरा दिवसांनंतरची दिलीय. बाकीचे दोघं लायटीवाले आधीच गुंतलेले. मी तणतणत दुकानात गेलो.

"शेठ, जत्रा पुनवेला असती, तारखंला न्हाई. तुमच्या मशीनला कुणी सांगायचं?"

शेठनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. "मशीनची चूक न्हाई, राव. मागच्या सालच्या तारखा मीच तशा ठेवल्या. तू जा गावाला. लायटीवर मी बसतो."

"तुमाला जमंल?"

"तीन दिवस हायेत. शिकव."

मी शिकवलं. दुसऱ्या अंकात नायिका पूर्ण अंधारात रडली, असं नंतर कळलं. लोकांना ते लई आवडलं म्हणे. शेठनी मात्र पुढच्या मीटिंगमध्ये तारखांची ती चूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली आणि त्या वर्षापासून दर पाडव्याला ते पंचांग घेऊन सगळ्यांच्या जत्रा नव्याने भरू लागले.

मी गावात काठी उचलली. पण या गोष्टीतला खरा भाग मला वर्षभराने शेठच्या घरी काकूंकडून समजला. शेठ जैन, सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाहीत. त्या दिवशी दुपारपासून लाइट बांधण्यात जेवायची वेळ टळली आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहिले. मला फार लाज वाटली. मी तसं बोललो तर म्हणाले, "जेवण काय, सकाळी व्हतंच की. तुझी काठी सकाळपर्यंत थांबली असती का?"

यंदा शेठना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं ही प्रार्थना मी इथे लिहितोय ती उपचार म्हणून नाही. दरवर्षी पुनवेला काठी खांद्यावर घेतली की देवापुढे मी आधी वडिलांचं नाव घेतो. त्यानंतर कांतिलालशेठचं घेतो आणि मगच पाऊल उचलतो.